चोरवाटेचा हमरस्ता : हनोई ते कान थो

शनिवार, हनोई

नोई बाय विमानतळावर दोनशे डॉलर मोडले आणि काउंटरवरच्या मुलीने बावन्न लाख डाँग पुढे सरकवले. साडूभाऊंनी गड्डी हातात घेतली, दोनदा मोजली आणि म्हणाले, "घ्या. जन्मभर कापूस पिकवून जे झालं नाई, ते एका खिडकीत झालं."

आम्ही चौघं. मी, बायको, मेहुणी आणि साडू. साडू पांढरकवड्याकडचे, घरची कापसाची शेती. मी बँकेत पीककर्जाच्या फायली करता करता निवृत्त झालो. व्हिएतनाम ठरवलं ते बायकांनी, हालोंगच्या समुद्रातले डोंगर फोटोत बघून. मला मात्र भलताच किडा चावला होता. ज्या देशाने फ्रेंचांना घालवलं, अमेरिकेला घालवलं, त्याला युद्ध संपल्यावर स्वतःचं पोट भरता येईना. १९८८ च्या सुरुवातीला उत्तर भागात लोक अर्धपोटी होते. आणि १९८९ मध्ये याच देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ परदेशी विकला. जमीन तीच, माणसं तीच, पाऊसही तोच. मग बदललं काय, हे जागेवर जाऊन बघायचं होतं.

लाखांच्या नोटांचीही एक कथा आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये सरकारने अचानक जुने दहा डाँग घेऊन नवा एक डाँग द्यायला सुरुवात केली. एका कुटुंबाला किती बदलून मिळेल यावर मर्यादा घातली. साठवलेला पैसा काही दिवसांत रद्दी झाला आणि लोक नव्या नोटा हातात ठेवायलाच घाबरू लागले. १९८६ मध्ये महागाई ७०० टक्क्यांच्या वर गेली. तेव्हा सरकारात दुसऱ्या नंबरला बसून भाव-पगार-चलनाची ही मोहीम रेटणारे 'तो हु' नावाचे गृहस्थ हे देशातले नावाजलेले कवी. त्यांचं पद गेलं, कविता अजून शाळेत शिकवतात. मला या माणसाबद्दल थोडी सहानुभूती आहे. चुकीचा हिशेब मांडायला कवीच लागतो असं नाही, आमच्याकडे चार्टर्ड अकाउंटंट होते.

रविवार, हनोई

आजचा दिवस एका चार ओळींच्या गाण्यामागे चाललो. रेशनच्या काळात हनोईत लोकांच्या तोंडी एक वात्रट पद होतं. कुणी रचलं कुणास ठाऊक. त्याचा आशय असा : तोन दान रस्ता राजेमहाराजांचा, न्या थो रस्ता मधल्या खुशमस्कऱ्यांचा, दोंग शुआन बाजार व्यापाऱ्यांचा, आणि फूटपाथ आपल्या शूर जनतेचा. चारही जागा होआन किएम तळ्याच्या आसपास. सकाळी निघालो की दुपारच्या जेवणाआधी चारही वर्ग पालथे घालता येतात.

तोन दान हा ऑपेरा हाउसच्या बाजूचा शांत रस्ता. इथे बड्या पुढाऱ्यांसाठी वेगळं सरकारी दुकान होतं. न्या थो म्हणजे चर्चचा रस्ता, सेंट जोसेफ कॅथेड्रलच्या समोरचा. इथलं दुकान मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांचं. आता तिथे रेशमी झगे आणि लिंबाच्या चहाची गर्दी. बायकोने झग्याचा भाव विचारला, मी पटकन इतिहास सांगायला लागलो. उपयोग झाला नाही.

साध्या सरकारी कर्मचाऱ्याला महिन्याला १३ किलो धान्य मिळायचं, वर्षाला चार-पाच मीटर कापड, मांस ग्रॅममध्ये. त्यासाठी तांदळाची वही आणि कुपनांच्या चिठ्ठ्या. पहाटे रांगेत स्वतः उभं राहता आलं नाही तर आपली वीट ठेवून जायची. विटेवर नाव. ती वही हरवली तर घरात सुतक पडायचं, आणि आजही कुणाचा चेहरा पडलेला दिसला की तांदळाची वही हरवली का, असं म्हणतात. आमच्या गाइडने हे सांगितलं. ही मुलगी १९९० नंतर जन्मलेली, तिने कुपन बघितलं ते आजीच्या डब्यात. एक तिने मोबाइलमधल्या फोटोत दाखवलं. पोस्टाच्या तिकिटाएवढा पिवळट कागद, त्यावर किती ग्रॅम ते छापलेलं आणि महिना. महिना उलटला की कागद मेला.

रेशनची रांग आपल्यालाही नवी नाही. मैलो ज्वारीचे दिवस आईच्या तोंडून ऐकलेत. पण आपल्याकडे रेशनला लागून एक किराणा दुकान असायचं. पैसे असतील तर तिथून घ्या, उधारी असेल तर तिथून घ्या. इथे त्या किराणा दुकानालाच बंदी होती, निदान कागदावर. ज्याच्या हातात कुपन, त्याच्या हातात तुमचा स्वयंपाक, आणि कुपनाची प्रत ठरणार तुमच्या पदावरून. समानतेच्या नावाने उभारलेल्या व्यवस्थेत माणसाची पायरी डाळतांदळावरून ओळखू यायची. हे जनतेने गाण्यात पकडलं आणि सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या कुठल्याच अहवालात ते इतकं स्वच्छ आलं नसेल.

दोंग शुआन बाजार आजही व्यापाऱ्यांचाच आहे. ठोक माल, कापडाचे गठ्ठे, दोन पावलं टाकायला जागा नाही. साडू एका दुकानात सुताच्या धाग्याची चौकशी करत अडकले. चौथी जागा फूटपाथ. तिथे बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर अख्खं शहर जेवत बसलेलं. आम्ही शाकाहारी, म्हणून गाइडने 'आन चाय' लिहिलेली पाटी शोधली आणि टोफू-नूडल्सची चार भांडी मागवली. बाई एकटी चालवत होती : एक शेगडी, दोन पातेली, आठ स्टुलं. तिच्यासारख्यांना हनोईने कधीच पूर्ण हुसकावलं नव्हतं. सरकार व्यापार बंद म्हणत होतं तेव्हाही फूटपाथवर सिगारेटी सुट्या विकल्या जात होत्या, सायकलचे पंक्चर निघत होते, आणि सरकारी नोकरदारांच्या बायका फ्लॅटच्या बाथरूममध्ये डुकरं पाळत होत्या. गंमत म्हणून नव्हे, पगार पंधरा दिवसही पुरत नसे म्हणून.

सोमवार, विन्ह येन

बायका हालोंगला गेल्या. आम्ही दोघं गाडी करून उलट्या दिशेला, वायव्येला पन्नासेक किलोमीटरवरच्या विन्ह येनला. ड्रायव्हरला वाटलं आम्ही ताम दाओच्या थंड हवेच्या डोंगरावर चाललोय. तिथे नाही जायचं म्हटल्यावर त्याने आरशातून एकदा नीट बघून घेतलं.

वाटेत फुक येनजवळ होंडाचा कारखाना लागतो. १९९७ पासून मोटारसायकली इथे बनतात. टोयोटाही जवळच. देशात रस्त्यावर जो दुचाकींचा पूर दिसतो त्यातला मोठा वाटा या एकाच पट्ट्यातला. कारखान्यांच्या भिंतीला लागून भातखाचरं, खाचरात वाकलेली माणसं. याच खाचरांसाठी आलो होतो.

विन्ह फुक प्रांत १९५०-६० च्या दशकांत सामुदायिक शेतीत गेला. सकाळी रुळाच्या तुकड्यावर ठोका पडला की शेतावर जायचं, पुन्हा ठोका पडला की परतायचं. कामाचे गुण वहीत चढायचे आणि सुगीला गुणांप्रमाणे भात. नांगरलं खोल की वरवर, गुण तेवढेच. प्रत्येक घराला मात्र परसासारखा थोडा तुकडा स्वतःसाठी होता, एकूण जमिनीच्या पाच टक्के. त्या पाच टक्क्यांतून कुटुंबाच्या मिळकतीचा निम्म्याच्या आसपास वाटा येत असे. शेतकऱ्याला आणखी काय सांगायला हवं? साडूंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "मालकाचा पाय पडल्याशिवाय वावर पिकत नाई."

हे पाच टक्क्यांचं गणित प्रांताचा पक्षसचिव किम न्गोक रोज बघत होता. शेतकऱ्याच्या घरातला, कमी शिकलेला, फ्रेंचांविरुद्ध लढलेला माणूस. १० सप्टेंबर १९६६ ला त्याने प्रांताच्या समितीकडून ठराव मंजूर करून घेतला. ठराव क्रमांक ६८. शेतीचं काम गटांना, माणसांना आणि घरांना खंडून द्यायचं. ठरलेलं भात सोसायटीला, वरचं तुमचं. अमेरिकन बाँबफेक चालू होती, तरुण पोरं दक्षिणेत लढाईवर, गावात बायका आणि म्हातारे. तरीही पीक वाढलं.

वरून माणूस आला तो साधा नव्हता. त्रुओंग चिन्ह, पक्षाचा पहिल्या फळीतला सिद्धांतकार. याच्याच हाताखाली १९५३ ते ५६ मध्ये जमीनसुधारणा झाली होती. तिच्यात जमीनदार ठरवून हजारोंना मारलं गेलं, त्यात कितीतरी मध्यम शेतकरी होते. शेवटी हो चि मिन्हना चूक कबूल करावी लागली आणि त्रुओंग चिन्हचं सरचिटणीसपद गेलं. १९६८ च्या अखेरीस त्याने विन्ह फुकच्या प्रयोगावर कडक टीका केली : हा खासगी शेतीकडे परतीचा रस्ता आहे. ठराव मागे. किम न्गोकला आत्मपरीक्षणाचा लेख लिहावा लागला. पदावरून काढलं नाही, पण बोलणं संपलं. १९७९ मध्ये तो वारला.

त्यानंतर २० महिन्यांत, जानेवारी १९८१ मध्ये, केंद्राने निर्देश क्रमांक १०० काढला : शेतीकाम घरांना खंडून द्यायला हरकत नाही.

विन्ह येनमध्ये आता किम न्गोकच्या नावाचा रस्ता आहे. रुंद, झाडांचा, पाटीखाली मोबाइलचं दुकान. मरणोत्तर पदक १९९५ मध्ये मिळालं, मोठा राष्ट्रीय पुरस्कार २००९ मध्ये. आणि हा प्रांत आता नकाशावर उरला नाही. २०२५ च्या जुलैत ६३ प्रांतांचे ३४ झाले, तेव्हा विन्ह फुक शेजारच्या फु थोमध्ये गेला.

मला किम न्गोकपेक्षा त्रुओंग चिन्ह जास्त सतावतो. जुलै १९८६ मध्ये सरचिटणीस ले झुआन वारला आणि पुन्हा सरचिटणीस झाला तो हाच म्हातारा, वय ७९. दरम्यान त्याने प्रांतोप्रांती फिरून चोरून चाललेले प्रयोग बघितले होते. डिसेंबर १९८६ च्या सहाव्या अधिवेशनात 'दोई मोई'चा, म्हणजे नव्या वाटेचा जो अहवाल मांडला गेला, त्याचा आधीचा मसुदा फेकून नवा लिहायला लावला तो यानेच. घरोघरच्या खंडाला ज्याने पाप म्हटलं, त्याच्याच सहीने ते धोरण झालं. मतं बदलायला अठरा वर्षं लागली. या अठरा वर्षांत किती घरांनी किती भात कमी खाल्ला, याचा हिशेब कुठल्याही पदकात बसत नाही. पण ७९ व्या वर्षी आपलंच आयुष्यभराचं म्हणणं खोडून काढणारे पुढारी मला फारसे आठवत नाहीत, हेही खरं.

एक बाजू सांगायला हवी, नाहीतर गोष्ट फार सोपी होते. उपासमारीला फक्त सामुदायिक शेती कारण नव्हती. तीस वर्षांचं युद्ध, अमेरिकेची १९९४ पर्यंतची व्यापारबंदी, कंबोडियातली फौज, १९७९ चं चीनशी युद्ध, हे सगळं त्याच काळात. आणि पुढे घराघराला जमीन वाटली गेली तेव्हा वाटप बऱ्यापैकी सारखं झालं, माणसं साक्षर होती, पाट खोदलेले होते. मोकळीक मिळाली तेव्हा धावायला सगळेच जवळपास एका रेषेवर उभे होते. आपल्याकडे ती रेषाच सरळ नव्हती.

मंगळवार, सायगाव

सकाळी विमानाने दक्षिणेत. शहराचं कागदोपत्री नाव हो चि मिन्ह, बोलताना सगळे सायगाव. ऊन नागपूरचं, घाम मुंबईचा.

दुपारी चो लोन, चिनी व्यापाऱ्यांचा जुना भाग. बिन्ह ताय बाजार १९२० च्या दशकात क्वाच दाम नावाच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने बांधायला घेतला. कबाडी म्हणून सुरुवात केलेला माणूस, असं सांगतात. चौकात त्याचा पुतळा आहे, पायाशी उदबत्त्या. भोवती सुकी मासळी, लवंग, मशरूम, प्लास्टिकच्या बादल्यांचे डोंगर.

२३ मार्च १९७८ च्या सकाळी या भागातल्या दुकानांवर तरुणांची पथकं आणि पोलीस येऊन उभे राहिले. मालाची यादी, दाराला सील. सायगावमधले सुमारे तीस हजार व्यवसाय त्या मोहिमेत बंद झाले. मे महिन्यात उत्तर-दक्षिण चलन एक करताना घरातली रोकडही मोजली गेली. दुकान गेलं, पैसा गेला, वर सांगितलं की नव्या वसाहतींत जाऊन शेती करा. ज्यांच्या तीन पिढ्यांनी तराजूशिवाय काही धरलं नव्हतं ते शेती काय करणार? सोन्याची पानं देऊन होड्यांत बसले. १९७५ पासूनच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसं समुद्रमार्गे दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागली. वाटेत बुडाले त्यांची मोजणी नाही.

गाइड बदलला होता. इथला मुलगा बोलका, बाजारभावांवर तास तास बोलणारा. जप्तीबद्दल विचारलं तर म्हणाला, आजोबांचं कापडाचं दुकान होतं. पुढे काही नाही. मी दोंग तामबद्दलही विचारलं. हनोईजवळच्या या गावात जानेवारी २०२० मध्ये जमिनीच्या वादावरून पहाटे पोलीस घुसले, तीन पोलीस आणि ८४ वर्षांचे गावपुढारी ले दिन्ह किन्ह मारले गेले. तो म्हणाला, ते मला माहीत नाही, आणि बिन्ह तायमध्ये काजू कुठे स्वस्त ते सांगू लागला. भाव विचारा, दिवसभर बोलेल. जमीन कुणी घेतली ते विचारलं की गप्प. देशाने माणसाला दिलेल्या मोकळिकीची सीमा कुठे आहे, ती आपोआप कळते.

बुधवार, मेकाँगच्या वाटेवर

प्रवासातला सगळ्यात भरलेला दिवस. गाडी सायगावहून नैर्ऋत्येला, मेकाँगच्या खोऱ्यातल्या कान थो शहराकडे. आता द्रुतगती मार्ग आहे, पण आम्ही मुद्दाम काही अंतर जुन्या महामार्गाने जायला लावलं.

१९७८-७९ ची स्थिती अशी. सायगावात तीसपस्तीस लाख माणसं, तांदूळ संपत आलेला. तांदळात 'बो बो' मिसळून खायचं, म्हणजे बाहेरून मदतीत आलेली ज्वारीच्या जातीची धान्यं. लोक आजही ते नाव काढलं की तोंड वाकडं करतात. साडूंना याचा राग आला. "काऊन बावा? ज्वारी खाऊन कोनी मेलं का? आमी तं त्यावरच वाढलो." मी म्हटलं, भाकरी करून खाल्ली असती तर तेही मेले नसते. ते लोक ती तांदळासारखी शिजवत होते, टरफलासकट.

आणि ही टंचाई कुठून? चार-पाच तासांच्या अंतरावर मेकाँगचं खोरं भाताने भरलेलं. पण शेतकरी सरकारला भात द्यायला तयार नव्हता. सरकारी भावात नांगराचं लोखंडही आलं नसतं. शेतकऱ्याने रेडे कापून खाल्ले, जमीन पडीक ठेवली, उरलेला भात डुकरांना घातला. खासगी व्यापाऱ्याने आणावा तर प्रांतांच्या हद्दीवर नाके. तिएन जियांग प्रांतात तान हुओंगचा नाका सगळ्यात कुप्रसिद्ध होता. बस थांबवायची, सगळ्यांना उतरवायचं, पिशव्या उलट्या करायच्या. चार किलो तांदूळ जास्त सापडला तर जप्त. बायका कॉफी आणि मांस अंगाला बांधून नेत.

ही जागा दाखव म्हणून गाडी थांबवली. दाखवण्यासारखं काही नाही. रस्ता, टायरची दुकानं, कलिंगडाची रास. साडू मात्र उतरून उभे राहिले.

"हा तं आमचा पेनगंगेचा नाका हाय."

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी : १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर नेला तर गुन्हा. पांढरकवड्याहून आदिलाबादची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, मध्ये पेनगंगा. तिकडे भाव चढा असला की रात्री बैलगाड्या नदीत उतरायच्या. साडूंच्या वडिलांची गाडी एकदा पकडली गेली. स्वतःच्या वावरातला, स्वतः वेचलेला कापूस, आणि पंचनामा चोरीचा. शेतकरी संघटनेच्या सभांना आमच्याकडून ट्रॅक्टर भरून माणसं का जायची, हे पुण्यामुंबईच्या लोकांना कळत नसे. त्यांना वाटे भाव वाढवून मागतायत. मागणं एवढंच होतं की नदी ओलांडू द्या.

तर सायगावात व्हो व्हान किएत हे शहराचे पक्षसचिव. त्यांनी शहराच्या अन्न खात्यातल्या बा थी यांना बोलावलं. मूळ नाव न्गुयेन थी राओ, जुन्या क्रांतिकारक. किएत म्हणाले, खोऱ्यात जाऊन शेतकरी मागेल त्या भावाने भात आणा. सरकारी भावाच्या सुमारे पाचपट. म्हणजे उघड कायदेभंग. बाईंनी विचारलं, मी तुरुंगात गेले तर? किएत म्हणाले, मी डबा घेऊन येईन. हा संवाद इतक्या तोंडांनी सांगितला गेलाय की शब्द इकडेतिकडे झाले असतील. पण ट्रक गेले, तांदूळ आला आणि कुणी तुरुंगात गेलं नाही. त्या खरेदीगटाला लोक हसून तांदूळतस्करांची टोळी म्हणत.

शेजारच्या लाँग आन प्रांताने १९८० च्या सुमारास आणखी पुढचं केलं. रेशनचा माल बाजारभावाने विकायचा आणि फरक पगारात घालायचा. कुपनं बाद. सरकारी दुकानातला माल मागच्या दाराने काळ्या बाजारात जाणं एकदम कमी झालं, कारण दोन भावच उरले नाहीत. हनोईने हेही आधी नजरेआड केलं, मग तपासलं, मग शिकवायला घेतलं. पुढे किएत पंतप्रधान झाले.

इतिहासाच्या पुस्तकात दोई मोईची तारीख डिसेंबर १९८६ असते. या रस्त्यावरून जाताना ती पटत नाही. १९८६ ला पक्षाने एवढंच केलं की लोक दहा वर्षं चोरून जे करत होते त्यावर शिक्का मारला. एप्रिल १९८८ च्या ठराव क्रमांक १० ने जमीन घरांना कसायला दिली, १९८९ मध्ये बहुतेक भाव मोकळे झाले आणि तांदूळ बंदरात पोचला. १९९३ मध्ये निम्म्याहून जास्त देश दारिद्र्यरेषेखाली होता. पुढच्या पंधरा वर्षांत ते प्रमाण सातात एकावर आलं. हा पराक्रम सरकारचा, असं मी म्हणणार नाही. सरकारने पाय बाजूला घेतला. अर्थात, तेही आपल्याकडे किती उशिरा जमलं ते आठवतं.

वाटेत नदी ओलांडायला 'मी थुआन' इथे पूर्वी फेरीबोट होती, तासन्‌तास खोळंबा. २००० पासून केबलने तोललेला पूल आहे. पूल ओलांडून एका फळबागायतदाराकडे जेवलो. पोमेलो, लाँगन, थोडे ड्युरियन. जेवण उरकल्यावर मी गाइडमार्फत जुनी बँकेची सवय काढली : जमिनीचा कागद दाखवता का? ते हसले आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीतलं 'लाल पुस्तक' घेऊन आले. चार पानांचं जाड कार्ड, वर सोनेरी राजमुद्रा, आत गटाचा नकाशा, क्षेत्र, वापर : बहुवार्षिक झाडं. आणि खाली एक ओळ, मुदत : १५-१०-२०४३.

इथे जमीन 'संपूर्ण जनतेच्या मालकीची' आहे, राज्यघटनेप्रमाणे. शेतकऱ्याकडे असतो तो वापराचा हक्क. १९९३ च्या कायद्याने तो विकता, वारसाला देता, भाड्याने देता आणि बँकेत गहाण ठेवता येऊ लागला. भातशेतीला तेव्हा मुदत २० वर्षं, बागांना ५०. २०१३ मध्ये भाताची मुदतही ५० झाली. साडूंनी पुस्तक उलटसुलट केलं. "त्रेचाळीसनंतर?" बागायतदार म्हणाला, कायद्यात पुढे चालू राहण्याची तरतूद आहे. "आनि सरकारले रस्त्यासाठी पाह्यजे असली तर?" तो म्हणाला, मग भाव ते ठरवतात. २०१२ मध्ये हायफाँगजवळ दोआन व्हान व्हुओन या मासेपालन करणाऱ्याने मुदत संपल्याच्या वादात जप्तीपथकावर गावठी सुरुंग आणि बंदूक चालवली होती. जप्ती बेकायदा होती असं पुढे पंतप्रधानांनीच म्हटलं, पण त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

"माह्या सातबाऱ्यावर तारीख नाई," साडू गाडीत म्हणाले. मग थोडं थांबून, "पन अर्धी जमीन वर्ग दोनची हाय. विकाची असन तं कलेक्टरले विचारा."

गुरुवार, काय रांग

पहाटे पाचला कान थोजवळच्या 'काय रांग' या तरंगत्या बाजारात. पूर्वी इथे नदी होड्यांनी झाकलेली असे, असं फोटो सांगतात. आम्हाला मोजक्या दिसल्या, आणि पर्यटकांच्या होड्या त्याहून जास्त. प्रत्येक विक्रेता एका बांबूवर आपला माल लटकवतो : अननस असेल तर अननस, भोपळा असेल तर भोपळा. लांबून कळावं म्हणून.

बाजार आटला तो कुठल्या बंदीमुळे नाही. रस्ते झाले, पूल झाले, ट्रक थेट बागेत जातो. १९८० मध्ये जो माल नाके चुकवायला रात्री कालव्यातून जायचा, त्याला आता पाण्यात उतरायची गरजच नाही. म्हणून कान थो शहराने २०१६ पासून हा बाजार टिकवण्याची योजना आखली आहे, होडीवाल्यांना मदत देऊन. याच पक्षाच्या सरकारने एके काळी यांच्या पोत्यांमागे पोलीस लावले होते. मे २०२५ मध्ये पक्षाच्या पॉलिट ब्यूरोने खासगी उद्योग हा अर्थव्यवस्थेचा सगळ्यात महत्त्वाचा चालक आहे असा ठराव केला. त्याचाही क्रमांक ६८. विन्ह येनमध्ये हे कुणाच्या तरी लक्षात आलंच असेल.

साडूंनी एका बाईकडून अननस घेतले. तिने चाकूने डोळे तिरपे काढत फिरवत सोलले, देठ तसाच ठेवला, आइसक्रीमसारखं धरून खायला. मीठ-मिरची वेगळी. पैसे देताना साडूंनी गाइडला विचारायला लावलं, की सरकारची मदत मिळते का, आणि परवडतं का. बाई म्हणाली, शनिवार-रविवार पर्यटक असतात तेव्हा येते. बाकी दिवस घरूनच. सायगावचा दुकानदार फोनवर भाव सांगतो, पटला तर ट्रक बोलावते, नाही पटला तर दुसऱ्याला फोन लावते.